भंडारदरा परिसर : गिरिवाटा व पोहण्याच्या जागा

महाराष्ट्र राज्याच्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या मुख्य कण्याला लागून असलेला डोंगराळ प्रदेश. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाचा जलाशय, त्याच्या भोवतीची शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, उडदावणे, मुरशेत इ. गावे आणि त्यांच्या माथ्यावरील शिखरे व डोंगरी किल्ले यांचा या परिसरात समावेश होतो. मुंबईपासून हे ठिकाण सु. १८५ किमी. व नासिकपासून सु. ७० किमी. अंतरावर असून इगतपुरी हे सोयीचे रेल्वेस्थानक आहे. मुंबई–नासिक महामार्गावरील घोटीहून बारीमार्गे शेंडी या बाजारगावी पक्क्या रस्त्याने जाता येते. जलाशयाच्या काठी तंबू ठोकून मुक्काम करणे, आसपासचे डोंगर चढणे व वाटेतील डोहांत उतरणे यांसाठी येथे दरवर्षी असंख्य प्रवासी येतात. येथील वाटा व पाणी ही दोन्ही एकाच खडकाची व एकाच पावसाची निर्मिती असल्यामुळे त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. वाट कोठे अवघड होईल आणि पाणी कोठे फसवील, हे भूरचना, ऋतू व धरणाचे कार्य यांवरून बव्हंशी आधीच सांगता येते.

भूरचना : सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर एकापाठोपाठ एक पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांनी हा प्रदेश बनलेला आहे. त्यांपैकी काही थर घट्ट व काही सच्छिद्र असून दोन थरांच्या सांध्यात कोठे कोठे तांबूस मातीचा पट्टा आढळतो. घट्ट थरांची झीज सावकाश होत असल्याने त्यांचे उभे कडे बनतात; मऊ थर लवकर झिजून त्यांच्या जागी सपाट पदर तयार होतात. यामुळे येथील प्रत्येक डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. पदरावरची वाट झाडीतून, बऱ्याच अंशी सपाटीने जाते. पुढे कडा आडवा आला की ती एखाद्या सोंडेने, घळीने किंवा खोदीव पायऱ्यांनी वर चढते. गिर्यारोहकाचे श्रम व धोके मुख्यत्वे या कड्यांच्या पट्ट्यांतच एकवटलेले असतात.

ओढ्यांच्या पात्रांनाही हाच नियम लागू पडतो. पदरावरून संथ वाहणारा ओढा कड्याच्या काठावरून खाली कोसळतो. त्याच्या आघाताने व पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी खालचा खडक कोरला जाऊन डोह बनतो. पात्रातील घट्ट खडकात अशाच घुसळणीने रांजणखळगे तयार होतात. म्हणजे डोह सामान्यतः जेथे असतो तेथे त्याच्या वर किंवा खाली कडा असतो, त्याच्या बाजू खड्या व गुळगुळीत असतात आणि त्याची खोली एका पावलाच्या अंतराने बदलू शकते. सपाट मैदानातील नदीच्या वाळवंटात पोहण्याची सवय असलेल्या माणसाला या गोष्टीची कल्पना नसते आणि येथील बरेचसे अपघात तेथूनच उद्‌भवतात.

हवामान : नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणातून येऊन या कण्यावर आदळतात. त्यामुळे घाटघर व रतनवाडी या कड्यालगतच्या गावांत वर्षाकाठी ४,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील अकोले येथे तो त्याच्या अल्पांशानेच पडतो. जवळजवळ सर्व पर्जन्य जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील असतो. मृदेचा थर पातळ व उतार तीव्र असल्याने पाणी मुरण्यापेक्षा वाहून जाते. माथ्यावर जोराची सर आल्यानंतर थोड्याच वेळात खालचा ओढा फुगतो. मग खालच्या बाजूस लख्ख ऊन असले तरी त्याचा उपयोग नसतो. डिसेंबर व जानेवारीत पहाटेचे तापमान पुष्कळदा १०° से. च्या खाली जाते. एप्रिल व मे महिन्यांत उघड्या कातळावर दुपारी चालणे कष्टाचे होते व बहुतेक वाटांवर पिण्याचे पाणी मिळत नाही. मेअखेरीस व जूनच्या आरंभी, पहिल्या पावसाच्या आगेमागे, झाडाझाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर इ. वृक्षांवर ते विशेषेकरून दिसतात.

गिरिभ्रमणास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत उत्तम होय. ऑक्टोबरमध्ये वाटा वाळलेल्या, ओढे वाहते पण निवळलेले व टाकी भरलेली असतात. धबधबे पावसाळ्यात शोभिवंत दिसतात हे खरे. परंतु त्याच दिवसांत त्यांच्याजवळ जाणे सर्वांत घातक असते.

धरण व जलाशय : भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. दगडी बांधकामाचे हे धरण सु. ८२ मी. उंच व सु. ५०७ मी. लांब आहे. तत्कालीन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते १० डिसेंबर १९२६ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले व त्यांच्या नावावरून त्यास विल्सन धरण असे नाव पडले. जलाशयास आर्थर हिल जलाशय असे म्हणतात. त्याची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घ. फुट (सु. ३१·२६ कोटी घ.मी.) असून पाणलोट क्षेत्र केवळ सु. १२२ चौ. किमी. आहे. भरलेल्या जलाशयातील पाणी या क्षेत्रावर सारखे पसरले, तर त्याचा थर अडीच मीटरांहून जाड होईल. एवढे पाणी एका पावसाळ्यात या लहानशा खोऱ्यातून वाहून येते, यावरून येथील ओढ्यांच्या पावसाळी वेगाची कल्पना यावी.

धरणातील पाणी खालच्या खोऱ्यातील शेतीसाठी ठरावीक आवर्तनांनी सोडले जाते, तसेच त्यावर वीजनिर्मितीही होते. त्यामुळे धरणाखालच्या पात्रातील पाण्याची पातळी केवळ पावसावर अवलंबून नसते. आकाश निरभ्र असतानाही ती वाढू शकते. याउलट, वरच्या बाजूस जलाशयाची पातळी पावसाळा संपल्यापासून जूनपर्यंत सतत उतरत जाते. ऑक्टोबरमध्ये तंबूपासून चार पावलांवर असलेला पाण्याचा काठ मे महिन्यात उघड्या, गाळाने भरलेल्या उताराच्या पार तळाशी गेलेला असतो.

गिरिवाटा : (१) कळसूबाई. अकोले व इगतपुरी तालुक्यांच्या सरहद्दीवरील हे शिखर १,६४६ मी. उंच असून महाराष्ट्रातील सर्वांत उंच आहे. नेहमीची वाट बारी गावातून निघते. शेते व ओढा ओलांडल्यावर ती एका सोंडेवर चढते व पुढे कड्यांचे टप्पे येतात. या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. एकूण चढ सु. ९०० मी. असून सामान्य माणसास वर जाण्यास तीन ते चार तास लागतात. माथ्यावर कळसूबाईचे लहानसे मंदिर असून नवरात्रात तेथे भाविकांची मोठी गर्दी होते. पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग, दक्षिणेस जलाशयापलीकडे रतनगड व निरभ्र हवेत दूरवर हरिश्चंद्रगड असा विस्तीर्ण देखावा येथून दिसतो. शिड्यांवर चढणारे व उतरणारे समोरासमोर आल्यास खोळंबा होतो. त्यामुळे सुट्ट्यांच्या दिवशी पहाटेच निघणे श्रेयस्कर. वादळी पावसात विजेचा धोका असल्याने माथा व लोखंडी शिड्या दोन्ही टाळाव्यात.

(२) रतनगड. जलाशयाच्या पश्चिम टोकाकडील रतनवाडी हे याच्या पायथ्याचे गाव. येथील अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर भूमिज शैलीच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध असून जवळच देवकोष्ठांनी युक्त अशी बांधीव पुष्करिणी आहे. प्रवरा नदी रतनगडाच्या उतारावर उगम पावते. गडाची वाट प्रारंभी तिच्याच पात्राच्या कडेने, ते वरचेवर ओलांडीत, दाट झाडीतून जाते. पुढे खडा चढ व लोखंडी शिड्या लागतात. गडावर गणेश, हनुमान, कोकण व त्र्यंबक अशी चार दरवाजांची नावे आहेत. माथ्यावरील खडकात वाऱ्या-पावसाने पडलेले आरपार छिद्र ‘नेढे’ या नावाने ओळखले जाते व ते फार दुरून दिसते. चढास सु. तीन तास पुरतात. त्र्यंबक दरवाजाने उतरून साम्रदकडे जाणारी वाटही आहे. परंतु तिच्यातील जुन्या पायऱ्या खड्या व झिजलेल्या असल्याने माहितगाराशिवाय ती धरू नये. पावसाळ्यात या गडाचा खरा अडसर कडा नसून खालचा ओढा हा असतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पार झालेले लोक सायंकाळी पलीकडच्या तीरावर अडकून पडतात. अशा वेळी ओढा उतरेपर्यंत थांबणे हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग होय.

(३) रतनगड–हरिश्चंद्रगड. रतनगडाखालून कात्राबाई खिंड ओलांडून कुमशेतमार्गे पाचनईस व तेथून हरिश्चंद्रगडावर (१,४२४ मी.) जाणारी ही दीर्घ वाट सामान्यतः मुक्काम करीत पुरी करतात. ढोरवाटा व लाकूडवाटा यांचे फाटे पुष्कळ असल्याने वाटाड्या आवश्यक असतो. पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाच्या वाटांपैकी सर्वांत सोपी असून खिरेश्वरहून तोलार खिंडीने येणारी वाट त्याहून लांब आहे. कोकणातून चढणारी नळीची वाट मात्र अत्यंत अवघड असून ती केवळ अनुभवी गिर्यारोहकांसाठीच आहे. गडाच्या पश्चिमेस कोकणकडा हा आत वळलेला प्रचंड कडा आहे. त्याच्या काठावर वाऱ्याचा जोर अकस्मात वाढतो, म्हणून काठापासून अंतर ठेवूनच तो पाहावा.

(४) सांदण घळ. साम्रद गावाजवळ खडकातील उभ्या भेगेच्या रेषेत पाण्याने कोरलेली ही अरुंद व खोल घळ कोकणाच्या दिशेने उतरत जाते. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे, की हात पसरले असता दोन्ही भिंतींना लागतात, आणि दुपार सोडल्यास तळाशी ऊन पोहोचत नाही. आरंभीच्या भागात मोठमोठ्या शिळांवरून चालत जाता येते व मध्ये पाण्याची कुंडे लागतात. त्यापुढे सरळ तुटलेले टप्पे असून ते दोराच्या साहाय्यानेच उतरावे लागतात. साध्या प्रवाशाने दोराच्या पहिल्या टप्प्यावरून परत फिरावे.

(५) घाटघर. येथील कड्यावरून कोकणाचे विस्तृत दर्शन होते. रस्ता कड्याजवळपर्यंत असल्याने वृद्धांना व मुलांनाही जाता येते. वरच्या व खालच्या जलाशयांतील पाण्याच्या आलटून-पालटून वापरावर चालणारा २५० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत् प्रकल्प येथे आहे. पाणी वर चढविणे व खाली सोडणे अव्याहत चालू असल्याने त्याचे जलाशय पोहण्यास सर्वथा अयोग्य होत.

(६) अलंग–मदन–कुलंग. जलाशयाच्या उत्तरेस असलेले हे तीन किल्ले एकाच रांगेत आहेत. कुलंगचा चढ लांब व दमविणारा असला, तरी पायांनी चढता येतो. अलंग व मदन यांच्या तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी दोर व प्रस्तरारोहणाचे ज्ञान लागते.

पोहण्याच्या जागा : या प्रदेशातील पाण्याच्या जागांचे त्यांच्या उत्पत्तीनुसार पाच प्रकार करता येतात. यांतील कोणतीही जागा तरणतलावाप्रमाणे बांधलेली नाही. खोलीच्या खुणा किंवा चढण्या-उतरण्याच्या शिड्या तेथे नसतात.

(अ) ओढ्यांतील उथळ कुंडे. रतनवाडीच्या वर प्रवरेच्या पात्रात व तिला मिळणाऱ्या ओढ्यांत खडकावरची उथळ कुंडे आढळतात. पावसाळा सरल्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पाणी निवळलेले असते व तळ दिसतो. गिरिभ्रमणाहून परतलेल्या माणसाने अंग ओले करण्यास व पोहता न येणाऱ्याने बसून स्नान करण्यास हीच जागा सर्वांत योग्य होय. तळ स्पष्ट दिसतो, पाणी कमरेच्या वर जात नाही व प्रवाहाने पाय हलत नाही, या तिन्ही गोष्टींची खात्री करून घ्यावी. शेवाळलेला खडक मात्र कोरड्या ऋतूतही निसरडा असतो.

(आ) धबधब्यांच्या पायथ्याचे डोह. हे दिसावयास सर्वांत आकर्षक आणि वस्तुतः सर्वांत वाईट होत. पडणाऱ्या धारेखालचे पाणी हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असल्याने त्याची घनता घटते व त्यात शरीर नेहमीप्रमाणे तरंगत नाही. शिवाय धार तळाशी जाऊन पुन्हा वर व मागे वळते. या उभ्या भोवऱ्यात सापडलेला माणूस धारेकडेच परत ओढला जातो. वरून दगड व लाकडे पडण्याचा धोका निराळाच. धरणापासून सु. १० किमी. खाली प्रवरेवर असलेला रंधा धबधबा सु. ५० मी. खोल कोसळतो. नदीचे पाणी वीजनिर्मितीसाठी वळविले जात असल्याने पावसाळा सोडून तो रोडावतो व मग पात्रातील खडक उघडे पडतात. परंतु ती शांतता फसवी असते, कारण पाणी सुटल्यावर हेच पात्र भरून वाहते. येथे काठावरून दर्शन घेणे एवढेच उचित होय. धरणाच्या पायथ्याजवळचा छत्री धबधबाही असाच आहे. धरणातून सोडलेले पाणी गोलसर खडकावरून छत्रीप्रमाणे पसरत पडते, म्हणून त्यास हे नाव मिळाले. त्याचे अस्तित्वच सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असल्याने त्याच्या पायथ्याशी उतरणे अविचाराचे ठरते.

(इ) जलाशयाचा काठ. बहुतेक तंबू या काठावर असल्यामुळे पोहण्याचा मोह येथेच अधिक होतो. पाणी शांत दिसते, परंतु धरण बांधण्यापूर्वीचे खोरे, त्यातील बांध, खाचरे व नदीचे जुने पात्र ही सर्व त्याच्या पोटात आहेत. काठाचा उतार सौम्य वाटत असता पाण्याखाली बांध संपतो व एकदम खोली लागते. पाणी ओसरलेल्या काळात काठाशी चिखल असतो. त्यात गुडघ्यापर्यंत रुतलेला पाय ओढून काढण्याच्या धडपडीत तोल जातो. उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पाणी कोमट व त्याखालचे थंड असे थर पडतात. सूर मारणारा माणूस एकाएकी थंड थरात शिरला, की त्यास अनावर धाप लागते व तोंडात पाणी जाते. दुपारनंतर डोंगरावरून सुटणाऱ्या वाऱ्याने लाटा उठतात व काठाकडे परतणे कष्टाचे होते. उत्तम पोहणाऱ्यानेही काठाला समांतर, उभे राहता येईल अशा खोलीत व तरंगती वस्तू जवळ बाळगूनच पोहावे. पलीकडच्या काठापर्यंत पोहत जाण्याच्या पैजा लावू नयेत. पाण्यावरचे अंतर डोळ्यांना नेहमी कमी भासते. रात्री, जेवण झाल्यावर अथवा मद्यप्राशन केल्यावर पाण्यात मुळीच उतरू नये.

(ई) घळींतील कुंडे. सांदण घळीतील कुंडे ऋतुमानानुसार गुडघ्यापासून कमरेपर्यंत किंवा त्याहून अधिक खोल असतात. ऊन न पोहोचल्यामुळे पाणी भर उन्हाळ्यातही अतिशय गार असते. ती पार करण्याच्या जागा आहेत, पोहण्याच्या नव्हेत. पावसाळ्यात व अवकाळी पावसाची चिन्हे असताना घळीत प्रवेश करू नये, कारण दोन्ही बाजूंस उभ्या भिंती असल्याने लोंढा आल्यास बाजूला सरण्यास जागाच नसते.

(उ) टाकी व पुष्करिणी. गडांवरील खोदीव टाकी, अमृतेश्वराची पुष्करिणी, तसेच हरिश्चंद्रगडावरील सप्ततीर्थ ही जलस्थाने पिण्याच्या पाण्यासाठी व धर्मकृत्यांसाठी निर्माण झालेली आहेत. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या लेण्यात भव्य शिवलिंगाभोवती कमरेहून अधिक खोल व बर्फासारखे गार पाणी असते. भाविक त्यातून प्रदक्षिणा घालतात. टाक्यांत मात्र पाय धुणे किंवा भांडी बुडविणेही वर्ज्य मानावे, कारण मागून येणाऱ्या वाटसरूची तहान त्यांवरच भागावयाची असते.

लोंढ्याची पूर्वचिन्हे : निवळ पाणी अचानक गढूळ किंवा तांबूस होणे, त्याबरोबर पालापाचोळा व काटक्या वाहून येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे, काठावरील खुणेचा दगड बुडू लागणे आणि माथ्यावर काळे ढग दाटणे ही पुराची चिन्हे होत. यांपैकी एकही दिसताच सामानाचा मोह न धरता पात्रातून वर निघावे. पात्राच्या दिशेने खाली पळू नये. तंबू पात्रात, पुळणीवर किंवा कोरड्या ओढ्याच्या मुखाशी कधीही ठोकू नये. दरडीच्या पायथ्याची जागाही पावसाळ्यात तितकीच धोक्याची असते.

बुडणाऱ्यास साहाय्य : एकाला वाचविण्यासाठी उडी घेणारे दुसरे व तिसरेही बुडतात, असा अनुभव अशा ठिकाणी वारंवार येतो. घाबरलेला माणूस जवळ आलेल्यास मिठी मारतो, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. म्हणून प्रथम काठावर आडवे पडून काठी, बांबू, धोतर वा साडी पुढे करावी. ते न पोहोचल्यास दोर अथवा तरंगणारी वस्तू फेकावी; झाकण घट्ट बसविलेला रिकामा डबा किंवा पाण्याची मोठी रिकामी बाटलीही काम देते. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून किंवा त्यास उलटे टांगून पाणी काढण्याची रूढ पद्धत चुकीची आहे. तिच्यामुळे मोलाचा वेळ जातो व पोटातील पदार्थ श्वासनलिकेत शिरण्याचा संभव असतो. श्वास बंद असल्यास त्यास पाठीवर निजवून, डोके मागे कलते करून तोंडाने श्वास द्यावेत व छातीच्या मध्यभागी दाब देण्याची क्रिया चालू करून ती वैद्यकीय साहाय्य येईपर्यंत थांबवू नये. शुद्धीवर आलेल्यासही रुग्णालयात नेणे अवश्य असते. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचे परिणाम काही तासांनी प्रकट होऊ शकतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ व इतर आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. परंतु दऱ्यांतून दूरध्वनीचे संदेश पुष्कळदा पोहोचत नाहीत. म्हणून कोणत्या गावातून किंवा कोणत्या उंचवट्यावरून संपर्क साधता येतो, हे मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

लोकजीवन व पाण्याचा प्रश्न : या प्रदेशात मुख्यतः महादेव कोळी व ठाकर या जमातींची वस्ती आहे. भात, नागली, वरई व खुरासणी ही त्यांची पिके असून हिरडा गोळा करणे हे पूरक उत्पन्नाचे साधन आहे. अलीकडील काळात वाटाड्याचे काम, तंबूंची व्यवस्था व प्रवाशांचे जेवण यांपासून अनेक कुटुंबांस रोख उत्पन्न मिळू लागले आहे. राज्यातील अतिवृष्टीच्या पट्ट्यात राहूनही येथील वाड्यावस्त्यांना मार्चपासून पाण्याची टंचाई जाणवते, ही येथील जीवनातील मोठी विसंगती होय. पाऊस वाहून जातो, धरणातील पाणी खालच्या शेतीसाठी राखलेले असते, आणि उंचावरच्या वाडीला एखादा झरा किंवा ओढ्यातील शेवटचा डोह एवढाच आधार उरतो. बाया हंडे घेऊन याच डोहांवर येतात. जो डोह प्रवाशास पोहण्याची जागा वाटतो, तोच कित्येकदा एखाद्या वाडीचे पिण्याचे पाणी असते. त्यामुळे साबण, तेल व उष्टे यांनी तो दूषित करणे हे निव्वळ अस्वच्छतेचे कृत्य राहत नाही. उतरण्यापूर्वी गावात विचारणे हा येथील पहिला शिष्टाचार होय. डोह पिण्याचा आहे काय, कोठे खोल आहे, मागे कोणी बुडाले होते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे गुराखी मुलेही देऊ शकतात आणि ती कोणत्याही नकाशावर सापडत नाहीत.

संरक्षण व नियम : १९८६ मध्ये सु. ३६२ चौ. किमी. क्षेत्रावर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित करण्यात आले. येथील बहुतेक वाटा त्यातून जात असल्याने वन विभागाच्या नियमांचे पालन बंधनकारक असते. अतिवृष्टीच्या काळात धबधबे, घळी व गडवाटा यांवर प्रशासन वेळोवेळी प्रवेशबंदी जारी करते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून अशा उपक्रमांच्या आयोजकांची नोंदणी व सुरक्षिततेची व्यवस्था यांवर त्यात भर दिला आहे. काजव्यांच्या दिवसांत वाहनांचे व हातातील विजेऱ्यांचे प्रखर दिवे त्यांच्या मीलनसंकेतांत व्यत्यय आणतात, तर गवतात शिरणारी पावले त्यांच्या माद्या व अळ्या चिरडतात. म्हणून ते वाटेवरूनच व अंधारातच पाहावेत. तंबूच्या जागी कोरड्या गवतात शेकोटी पेटवू नये; कचरा आपल्याबरोबर परत न्यावा.

प्रवाशाने सोबत पुरेसे पिण्याचे पाणी, विजेरी, शिटी, घट्ट पकडीची पादत्राणे, सु. १५ मी. लांबीचा दोर व प्रथमोपचाराची पेटी बाळगावी. आपण कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार, हे मुक्कामाच्या गावात सांगून निघावे. अंधार पडण्याच्या दोन तास आधी उतरणीस लागावे. चढून गेलेली वाट उतरता येईल एवढे बळ शिल्लक असताना आणि उतरलेल्या पाण्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर येता येईल एवढ्याच खोलीत थांबणे, हा या प्रदेशातील गिरिभ्रमणाचा व जलविहाराचा समान नियम होय.